मधाच्या रंगाचा शनी

दिवेलागणीनंतर गच्चीवर घड्याळजी दुर्बिणीच्या भिंगाला एकेक रंगीत काच फिरवून बसवत होते. चष्मेवाल्याने त्याच्याकडच्या सगळ्यांत स्वस्त फिल्टरांची डबी बघायला दिली होती. आवडेल तो ठेवायचा, बाकीचे परत.

लाल काचेतून शनी निखाऱ्यासारखा दिसला. निळ्या काचेतून पार गारठलेला. "छे! हा आपला नव्हेच," घड्याळजी पुटपुटले. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांचा शनी फिका पडला होता. दोष दुर्बिणीचाच, असं धरून त्यांनी ती घड्याळासारखी सगळी उघडून पुसलीही होती.

मग त्यांनी पिवळी काच बसवली आणि तो आला! तोच, मधाच्या थेंबासारखा, काळोखात अलगद तरंगणारा. त्यांनी सवयीने शेजारच्या खुर्चीकडे हात केला. "अगं, बघ..."

खुर्ची रिकामी होती. डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी ते बायकोला पटकन बोलून गेले होते, "अगं, केस इतके पांढरे कधी झाले?" तेव्हापासून ती गच्चीवर फिरकली नव्हती आणि तिच्यावाचून आभाळ त्यांना नकोसं झालं होतं. शनी पहिल्यासारखा दिसला की तीही पहिल्यासारखी येऊन बसेल, असं त्यांच्या वेड्या मनाने घेतलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. बायको शाल घेऊन आली होती. "वारं सुटलंय, कान झाका," एवढंच म्हणून ती वळली.

"थांब ना. सापडला बघ. ही पिवळी काच लावली की सगळं पहिल्यासारखं दिसतं."

"मग ती डोळ्यालाच लावा," ती म्हणाली, "आणि बघा माझ्याकडे."

घड्याळजींनी काच सोडवून खरंच डोळ्याला लावली. तिच्या केसांवर जुनं, ओळखीचं ऊन पसरलं. त्यांनी ते डोळे भरून पाहिलं. मग काच डबीत ठेवून झाकण लावलं.

"नको. आता नीट दिसतंय, तर नीटच बघतो तुला."

ती खुर्चीत येऊन बसली. त्यांनी निसटलेला शनी पुन्हा पकडून दिला. तिने भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"फिका दिसतोय ना गं?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"मला तो नेहमी असाच दिसायचा."

"मग इतकी वर्षं बोलली कशी नाहीस?"

भिंगावरचा डोळा न काढता ती म्हणाली, "तुम्हाला तो पिवळा किती आवडायचा!"