ओळखीचा आवाज

गॅरेजवाल्यानं लेकीसाठी नवीकोरी मोटरसायकल दारात आणून उभी केली. लेक दोन पावलं मागेच सरली. बाप चिडला. "तुमची पिढीच भित्री! तुझ्या वयात मला गाडीवरून उतरवायला माणसं लागायची."

"बाबा, तुम्हाला उशीर झाला की आई गॅस बंद करून माझ्याजवळ येऊन बसायची. तुमच्या गाडीचा आवाज कानावर पडेपर्यंत तिचा हात माझ्या हातात गार पडलेला असायचा. मला पडायची भीती नाही वाटत. घरात कुणाला तरी तसं बसवायची वाटते."

बाप बायकोकडे बघून हसला. "ऐकलंस? लहानपणीचं काय काय डोक्यात घेऊन बसलीय!"

बायको हसली नाही.

"मी अजूनही तशीच बसते," ती म्हणाली.