स्टार फिल्टर

"फोटोवाल्याले बलावा," मांडवात पाय ठेवताच पोलीस ठाण्याचे अमरसिंग जमादार म्हणाले. "धर्मपालभाऊले सांगा, पंचनाम्याचे फोटो पायजेत."

कोणी जागचं हललं नाही.

"अरे, गेला का कोणी?"

"जमादार," नवरीचे वडील पुंडलिकराव हळूच म्हणाले, "तोच हाये तो."

जमादारांनी टोपी काढली. कापूस बुडाल्यापासून किती वावरांत, किती गोठ्यांत आत्महत्यांच्या पंचनाम्याला ते धर्मपालला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेले होते. आता तो हॅलोजनच्या खांबाखाली उताणा पडला होता. उजेड कुठं पडतो ते पाहायला त्यानं दिवा वळवला आणि वायरच्या उघड्या जोडानं त्याला धरलं. लोकांनी करंट बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं. गळ्यातला कॅमेरा दगडावर आपटला होता.

तो कॅमेरा त्याच्या मुलीच्या, दीपाच्या हातात होता. फोटोच्या दुकानात ती बापाच्या बरोबरीनं काम करायची. गावात दुसऱ्या कोणाला तो चालवता येत नव्हता, आणि वणीहून माणूस यायला तीन तास. फोटो निघत नाही तोवर प्रेत उचलायचं नाही. प्रेत उचललं जात नाही तोवर मांडवात लग्न नाही. वऱ्हाड शाळेच्या पडवीत खोळंबलं होतं. दीपाच्या आईला बायांनी गोठ्याच्या भिंतीशी धरून बसवलं होतं.

"मन घट्ट कर पोरी," जमादार म्हणाले, "अन् काढून टाक."

दीपानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला.

बाबांनी सकाळीच लेन्सवर स्टार फिल्टर चढवला होता. ती लग्नातली काच. समईची ज्योत असो की नथीचा खडा, जे चमकेल त्याचा चार टोकांचा तारा करते. नवऱ्या तिच्यासाठी हटून बसायच्या. मांडवाच्या कापडातून उन्हाची तिरीप बाबांच्या चष्म्यावर उतरली होती. दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन तारे झगमगत होते.

"फिल्टर काढा लागते," ती म्हणाली. तिनं काच फिरवून पाहिली. "कड चेपली. आटे धरून राह्यले."

"राहू दे मंग. फाईलीत कोण पाहते?"

"चष्मा तरी काढू द्या."

"हात नाही लावायचा. जसं हाये तसं पायजे."

"बाबाच्या डोळ्यात तारे नाहीत, जमादार."

जमादार एक पाऊल मागे सरले.

तिनं ओढणीचं टोक कडेवर गुंडाळून जोर लावला. बोटं पांढरी पडली. मांडववाल्यानं पक्कड पुढे केली. तिनं मान हलवली; पक्कडीनं लेन्सच फुटली असती. चुलीकडून एक बाई म्हणाली, "भात थंडा होऊन राह्यला अन् हे काच घासत बसली."

पुंडलिकराव जवळ आले. "पोरी, दोन खेपा मोडता मोडता राह्यलेलं लग्न हाये हे. वरबाप वापस जातो म्हणते."

"पाच मिंट द्या, काकाजी."

जितकं आवळावं तितकी कड वाकडी होत होती आणि आटे आणखी घट्ट बसत होते. बोटांचं हे काम नव्हतं. सगळीकडून सारखा, सपाट जोर पाहिजे होता. ती इकडेतिकडे पाहू लागली. बाबांच्या पायातली रबरी स्लिपर हातभर दूर पडली होती. तिनं हात लांबवला.

"दीपा," जमादार म्हणाले. "तिलेबी हात नाही लावायचा."

ती स्वतः अनवाणी धावत आली होती. "रबरी तळवा पायजे," ती कोणाकडेच न पाहता म्हणाली.

पुंडलिकरावांचा नवा जोडा अजून खोक्यातच होता. त्यांनी पायातली जुनी स्लिपर काढली. कोऱ्या धोतराच्या सोग्यानं तिचा तळवा दोनदा पुसला आणि वाकून ती दीपापुढे उलटी ठेवली. चुलीकडच्या बाईनं भातावर ताट झाकलं.

दीपानं लेन्स पालथी करून रबरावर टेकवली. दोन्ही तळहातांनी अंगाचा भार दिला आणि कॅमेरा हळूहळू वळवला. काही नाही. पुन्हा. आट्यांत अडकलेली माती करकरली. तिसऱ्या वेळी काच केसभर सरकली, आणि मग अशी सुटली, जशी कधी अडकलीच नव्हती.

"निंगाला!" कोणीतरी ओरडलं.

मांडव जागा झाला. एक जण शाळेकडे पळाला. गेटाशी प्रेत न्यायची जीप सुरू झाली. चौघं जण बाह्या सारून पुढे आले. दोघं डोक्याशी, दोघं पायांशी उभे राहिले. पुंडलिकराव स्लिपर हातातच धरून बाजूला झाले.

"एक फोटो निंगाला," जमादार म्हणाले, "का लगेच उचलू."

दीपानं कॅमेरा डोळ्याला लावला. तारे नव्हते. काचेमागं अर्धे उघडे डोळे होते. फोकस जुळवायच्या मधल्या बारीक गोलात चेहऱ्याचे दोन तुकडे दिसत होते, कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे. तिनं लेन्सचं कडं फिरवलं. तुकडे एकमेकांकडे सरकले आणि नाकाच्या रेषेवर जुळले. सकाळी दाढी करताना गालावर उठलेला वस्तऱ्याचा ओरखडासुद्धा स्वच्छ दिसला.

"दिसते का आता बराबर?"

तिचं बोट बटणावर होतं. चौघं वाकले.

"थांबा," दीपा म्हणाली. "जुळून नाही राह्यलं अजून."

आणि तिनं कडं केसभर मागे फिरवलं.