पर्यटक कोणाला म्हणावे?

धुळ्याच्या कॉलेजात शिकणारी सुनंदा परीक्षेसाठी मोठ्याने पाठ करत होती, "कमाईसाठी नव्हे, तर आनंदासाठी परगावी जाऊन निदान एक रात्र राहतो, तो पर्यटक."

भाकरी थापता थापता तिची आई, वच्छलाबाई, म्हणाली, "मंग मी पर्यटक शे. फैजपूरले महिनाभर राहिनू."

"ते मावशीच्या बाळंतपणाला."

"पाचोराले आठ दिन."

"आत्याकडे लग्नाचं रांधायला."

वच्छलाबाईंना तिसरं गाव काही आठवेना.

परीक्षा संपताच वडिलांना, आबांना, सांगून सुनंदा आईला घेऊन एसटीने तोरणमाळला गेली. विश्रामगृहाच्या चौकीदाराने रजिस्टर उघडून विचारलं, "कोणाकडे काम आहे, अक्का?"

"कोनाकडेच नही! तळं पाहाले उनू!" वच्छलाबाई इतक्या जोरात म्हणाल्या, की तोही हसला.

"उद्या निघणार ना?"

"परवा," त्यांनी सांगून टाकलं.

सुनंदा दचकली. "आई, आबांना आपण एकच रात्र सांगितली आहे. त्यांच्या जेवणाचं काय?"

तळ्याकडे तोंड करून वच्छलाबाई ओट्यावर ऐसपैस बसल्या.

"तीस वरीस मन्हं रांधनं पाही राहिनात. आते तरी येत व्हई त्यासले."