बोट लागली तर

लग्न होऊन आल्यापासून घरच्यांबरोबर कुठेही निघालं की तिला गाडी लागायची. म्हणून बोटीच्या सहलीची सगळी तयारी तिच्यासाठीच झाली. गोळ्या, आलं, लिंबं, शिवाय बोटीच्या मधोमधची कमी हलणारी खोली.

"बोट लागली तर आमच्या सहलीचा विचका करू नकोस म्हणजे मिळवलं," सासूबाई म्हणाल्या.

झालं भलतंच. खोल पाण्यात शिरताच सासूबाई, नणंद आणि नवरा एकामागोमाग आडवे झाले. तिघांची उस्तवार करून ती अर्धी झाली. शेवटी बोटीवरच्या डॉक्टरने तिघांना इंजेक्शन देऊन झोपवलं आणि तिला म्हणाला, "तुम्ही वर जाऊन बसा. नजर लांब ठेवा आणि पोट रिकामं ठेवू नका."

ती वर जाऊन बसली. दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं गरम जेवण समोर आलं. बोट पाळण्यासारखी हलत होती, पण तिला काही म्हणता काही झालं नाही.

घरी परतल्यावर नवऱ्याने मळक्या कपड्यांच्या बॅगा तिच्या पायाशी टाकल्या. सासूबाई कोचावर टेकल्या. "आधी चहा टाक गं बाई."

"माझा बिनसाखरेचा," नणंद म्हणाली.

हातातलं पातेलं तसंच टाकून ती बेसिनकडे धावली.

नवरा मागोमाग आला. "बोटीवर तर ठणठणीत होतीस! आता जमिनीवर काय लागलं तुला?"

तिने चूळ भरली, तोंड पुसलं.

"घर."