लाल गाडीतली दुसरी सीट

थोरल्याच्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी धाकट्या भावाने दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेतली. कामावर जायलाही रोज तीच! थोरला त्याच कारखान्यात जायचा, पण बसने. गाडी रोज सकाळी स्टॉपपाशी थांबायची.

“दादा, चल की!”

“तुझा तोरा तुलाच लखलाभ. माझा आखडलेला पाय मावायचा नाही त्या डबीत.” मग दिवसभर मशीनपाशी त्याचा जळफळाट चालायचा.

आज भावजयीने गाडीचं दार उघडलं, तेव्हा तो पहिल्यांदाच त्या सीटवर बसला. पाय अगदी सरळ पसरला.

“सीट एवढी मागे?”

“मला कधी पुढे घेऊ दिली नाही त्यांनी. म्हणायचे, दादाचा पाय आहे, आज ना उद्या बसेल.”

&nbsp;

धाकटा गेल्या सोमवारी वारला.