लोर्नाच्या ग्लासातला वास

तिसऱ्या ग्लासातही तो वास नव्हता.

थियाने ग्लास ओट्यावर ठेवला. कृती अगदी साधी होती. तळाशी साखरेचा खडा, त्यावर कडू अर्काचे चार थेंब आणि वरून जवळच्या टेमार नदीच्या खोऱ्यातली गार, फसफसती वाइन. आई पन्नास वर्षं हेच करत आली होती. पण तिच्या ग्लासाला कसल्या तरी ताज्या पाल्याचा वास असायचा. कसल्या, ते विचारायचं राहून गेलं होतं.

बाहेरच्या खोलीत आईच्या अंत्यविधीहून परतलेली माणसं घरून आणलेल्या थाळ्या टेबलावर मांडत होती. थोड्याच वेळात लोर्नाच्या नावाने ग्लास उंचावायचे होते. साधी वाइन नको, आईचाच ग्लास हवा, हा हट्ट थियाचा होता.

“रोझमेरीचा पाला,” एस्मे मावशी म्हणाली. ती लोर्नाची धाकटी बहीण. “किती वेळा सांगू तुला? माझ्या लग्नात मी तीन ग्लास प्यायले होते. मला कळणार नाही?”

“तीन प्यायलीस, म्हणूनच कळलं नसणार,” कॅलम म्हणाला. थियाचा भाऊ दाराला टेकून गळ्यातला टाय सैल करत होता. “पुदिना होता गं, थिया. डोळे मिटून सांगतो.”

“पुदिना तुझ्या टूथपेस्टमध्ये असतो,” मावशी म्हणाली.

थियाने पुदिन्याचा ग्लास कॅलमच्या हातात दिला. त्याने घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला.

“हा नाही,” तो म्हणाला. मग गोंधळून, “पण पुदिनाच होता.”

रोझमेरीच्या ग्लासाला मावशीनेही असंच नाक मुरडलं होतं. तिसरा ग्लास थियाचा स्वतःचा. तिला थाइम आठवत होतं. सकाळी तिने परसातून तिन्ही पाले कापून आणले, तीनदा पाण्यातून काढले, पान न् पान टिपून कोरडं केलं, वास सुटावा म्हणून तळहातावर चापटलं. साखरेचे खडेसुद्धा चिमट्याने टाकले. आता तिची थाइमबद्दलही खात्री उरली नव्हती. थाइम आठवत होतं, की आठवावं असं वाटत होतं? आई गेल्यापासूनच्या आठ दिवसांत एवढं पुसलं जात असेल, तर वर्षभराने आईचं काय शिल्लक राहणार?

मागचं दार ढकलून शेजारचा म्हातारा डेस आत आला. हातात सॉसेज रोलची थाळी होती. बूट त्याने पायरीवरच काढले होते.

“डेसकाका, तुम्ही सांगा,” थिया म्हणाली. “आई ग्लासात काय घालायची?”

“साखर.”

“ते माहीत आहे. पाला कुठला?”

“पाला?” डेसने तिन्ही ग्लासांतल्या काड्यांकडे पाहिलं. “छे गं. ग्लासात कसला पाला? लोर्नाला असले नखरे जमायचे तरी का?”

“मग वास कसला यायचा?”

“अगं, हात कधी धुवायची ती? पाहुणे फाटकाशी येईपर्यंत ही आपली वाफ्यात गुडघ्यावर. कुंपणावरून मीच ओरडायचो, लोर्ना, गाड्या आल्या! की धावत आत. स्कर्टला हात पुसले न पुसले, तोच बोटांनी खडे टाकायला सुरुवात. त्या दिवशी जे खुरपलं असेल, त्याचा वास.”



“शी!” मावशी म्हणाली. “आणि पन्नास वर्षं आम्ही ते प्यायलो!”

“वर आणखी मागून,” डेस म्हणाला.

कॅलमला हसू आवरेना. सकाळपासून तो पहिल्यांदाच हसत होता. हसता हसता त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

थियाने चिमटा ठेवला आणि ती परसात गेली.

डिसेंबरचं, इथल्या भर उन्हाळ्याचं ऊन होतं. आठ दिवसांत वाफ्यांना कोणी पाणी दिलं नव्हतं. पुदिना वाटेवर पसरला होता, थाइमला फुलं येऊन गेली होती, रोझमेरी एका बाजूला कलली होती. मध्ये गवत माजलं होतं. थिया काळ्या पोशाखातच गुडघ्यावर बसली. कापायला तिने काहीच आणलं नव्हतं. ती नुसतं गवत उपटत गेली, एका झुडपाखालून दुसऱ्या झुडपाखाली, कोपरापर्यंत हात घालून. पानं चुरडत होती, नखांत माती जात होती. कुठून काय हाताला लागतंय, याकडे तिचं लक्ष नव्हतं.

मग ती थांबली आणि तिने दोन्ही तळहात चेहऱ्याशी नेले.

यात रोझमेरी किती, पुदिना किती, तिला सांगता आलं नसतं. माती होती, ऊन होतं, काहीतरी कडवट होतं. तिने डोळे मिटले.

“थिया!” आतून कॅलमची हाक आली. “बाटल्या उघडल्यात गं. फेस बसतोय सगळा. सगळे थांबलेत तुझ्यासाठी!”

“आले,” ती ओंजळीतूनच म्हणाली.

पण तिने हात खाली घेतले नाहीत.