एक चपाती जास्त

लिंबायतचा भिकन पॉवरलूमच्या कारखान्यात फिटर. भंगारातल्या मोटरीवर त्याने एका मॉलच्या प्लेझोनसाठी रंगीत बॉल धुणारं मशीन बनवलं. हजार बॉल टाका, मोजून हजारच बाहेर. मॉलचा शेठ खूश झाला.

मग त्याने एक घरासाठी बनवलं. बायको छाया साड्यांच्या घड्या घालायला जायची, त्यामुळे सहा वर्षांची नेहल शाळेतून आली की तिला वाढायला कोणी नसायचं. सकाळी निघताना छाया मशीनच्या खणांत चपात्या ठेवायची; एका खणात एक, असं भिकनने तिला सांगितलेलं. नेहलने बटण दाबलं की दोन खण उघडणार आणि ताटात दोन चपात्या पडणार.

पण पडायच्या तीन. भिकनने स्प्रिंग बदलली, सगळं दोनदा खोलून पाहिलं, तरी तिसरी पडायचीच. "हजार बॉलांचा हिशेब चुकत नाही, आणि दोन चपात्यांचा चुकतो!" तो चिडायचा.

छाया हसायची. "राहू द्या ना. पोर खाऊन घेईल."

श्रावणात छाया आठ दिवसांच्या तापात गेली. तेरावं झालं, नेहल पुन्हा शाळेत जाऊ लागली. त्या सकाळी भिकनने स्वतः लाटलेल्या वाकड्यातिकड्या चपात्या एकेक करून खणांत ठेवल्या आणि दुपारी तो घरीच थांबला. नेहलने बटण दाबलं. पहिल्यांदाच बरोबर दोन पडल्या.

ती ताट धरून तशीच उभी राहिली.

 

"पप्पा, मशीन बिगडलं."